मामांचं लाल कुलूप

थांबलेल्या यंत्राला घाबरणारा एकच माणूस मी पाहिलाय, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. चालू यंत्राशी त्यांचं वैर नाही. उभा जन्म कापडगिरणीत मोटरी सांभाळण्यात गेला. नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगतात. पण यंत्र गप्प झालं की यांच्या कपाळाला आठ्या. "थांबलंय ते, बंद झालेलं नाय," म्हणत खिशातून लाल कुलूप काढतात, मेन स्विचला लावतात, किल्ली करगोट्याला अडकवतात आणि आत साठलेला करंट उतरेपर्यंत घड्याळ बघत पाच मिनिटं बसतात. घोडपदेवच्या त्यांच्या खोलीत ट्यूब बदलायची तरी हाच सोहळा. एकदा पंखा पुसायला मेनला कुलूप लावलं आणि किल्लीसकट माहीमला लग्नाला निघून गेले. मामी तीन तास घामाघूम. मामा परतल्यावर मामींनी ताट वाढलं आणि म्हणाल्या, "पाच मिनिटं थांबा हं. वाढलेलं दिसतंय, पण खात्री काय?" मामांना टोमणा कळलाच नाही. ते थांबले.

लालबागला माझी मसाल्याची गिरणी आहे. तिची मोटर मामा प्रेमाखातर बघायचे. चार वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात, मिरच्यांचे डबे घेऊन बायका रस्त्यापर्यंत बसलेल्या असताना, धोका दिसताच दाबायच्या मोठ्या लाल बटणाची तार सैल झाली आणि गिरणी सारखी थांबू लागली. मी आत वीतभर वायर जोडून ते बटणच निकामी करून टाकलं. कुणाला सांगितलं नाही. मामांना तर नाहीच.

दोन दिवसांनी गोणपाटाची चिंधी अडकून मशीन थांबलं. मामांचा हात खिशातल्या कुलपाकडे गेला, तेवढ्यात मी म्हणालो, "मामा, आजच्या दिवस राहू द्या ना. बायका खोळंबल्यात." माझ्याकडे बघून त्यांनी नुसतं लाल बटण दाबलं आणि हात आत घातला. मोटर चालवणारा ड्राइव्ह अडखळला तर थोडं थांबून आपणहून पुन्हा सुरू होतो, कुलूप नसताना त्याला रोखणारं ते एकच बटण होतं. मोटर फिरली आणि मामांच्या उजव्या तर्जनीचं पेर गेलं.

"कुलूप कुठं होतं?" मामींनी दवाखान्यात विचारलं.

"विसरलो," मामा म्हणाले.

मी शेजारी उभा होतो. मी चक्क मान डोलावली. ती मान आजही मला झोपेत आठवते.

त्यानंतर गिरणीत मीही कुलूप लावून पाच मिनिटं थांबू लागलो. बायका हसतात, "भटजी, मुहूर्त झाला का?" म्हणतात. गेल्या रविवारी मामा आले होते. मशीन थांबवून, कुलूप लावून आम्ही दोघं स्टुलांवर बसलो आणि माझ्या तोंडून एकदाचं निघालं, "मामा, त्या दिवशी बटणाला वायर मीच..."

"माहीत आहे. पट्टी बांधून आलो तेव्हा मीच ती काढली."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो, जावईबापू. आणि कुलूप तर मीच लावलं नव्हतं ना."

मी उठू लागलो. त्यांनी ते अर्धं बोट घड्याळावर ठेवलं.

"बसा. अजून दोन मिनिटं आहेत."