मागची सीट

दलिचंद शेटांची पॅकार्ड मोटार एकतीस सालची. तिकडे अमेरिकेत मंदीने माणसं कामासाठी वणवण करत होती, तेव्हा तिथल्याच कारखान्यात बनलेली ही ऐश! शेटांच्या वडिलांनी ती कुठल्याशा संस्थानिकाकडून जळगावात आणली. धुळ्याकडच्या खेड्यातून हिलाल तिच्यावर ड्रायव्हर म्हणून आला आणि बंगल्यामागच्या खोलीत म्हातारा झाला. शेटांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मागची सीट घरच्यांची." हिलालने ते इतकं मनावर घेतलं, की सीट पुसतानाही तो चपला बाहेर काढी. चोख माणूस! काय जाळायचाय असला चोखपणा?

शेट गेले. मुलगा श्रेयांस पुण्याला. तो दसऱ्याला येई, तेवढीच गाडी रस्त्यावर निघे. एरवी किल्ल्या हिलालकडे.

उन्हाळ्यात त्याची बायको कौतिक अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तिने एवढंच मागितलं.

"एक डाव माले त्या गाडीमा बसाडा ना."

"मांगली सीट मालकनी शे."

"मी काय गादी खाई टाकसू का?"

हिलाल हसला नाही. "दसराले श्रेयांसभाऊ येतीन, तवय इचारसू."

गॅरेज चार पावलांवर, किल्ली करदोट्याला, फोन खिशात. पण बायकोच्या हौसेपायी मालकाला फोन करायचा? त्याला लाज वाटली. कौतिकने पुन्हा विषय काढला नाही. श्रावणात ती गेली, आणि तेही त्याने मालकाला कळवलं नाही. उगाच कशाला त्रास!

दसऱ्याला त्याने गाडी धुतली, झेंडूच्या माळा घातल्या, चाकांखाली लिंबं ठेवली. श्रेयांस मित्रांचा घोळका घेऊन आला. पूजा आटोपते न आटोपते तोच सगळे बुटांसकट मागच्या सीटवर चढले. एकजण फोटोसाठी गादीवर उभाच राहिला.

हिलाल धावला. "भाऊ, मागची सीट..."

"अहो हिलालभाऊ, ती बाबांची कटकट होती. गाडी बसायलाच असते ना!" श्रेयांस मनापासून हसला. "काकू कुठेत? बोलवा की. आधी त्यांनाच एक चक्कर मारून आणा."

हिलालला त्याचा राग येईना. राग आला तो मेलेल्या शेटांचा, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"ती गई, भाऊ," तो म्हणाला. तेवढ्यात कुणीतरी हॉर्न दाबला आणि मागे हशा पिकला.

"काका, चला ना!"

हिलाल पुढच्या सीटवर बसला. मागचं दिसू नये म्हणून त्याने आरसा वर फिरवला आणि गाडी काढली.