वाणाची मांजरं

मला मांजरं आवडत नाहीत, हे आधीच सांगते. जयपूरच्या सोडाला भागात आमच्या शेजारी राहणाऱ्या मराठी काकूंच्या मांजरांसाठी मी जे केलं ते भूतदयेने केलं, असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. त्या वासाने आमच्याकडे पोळी घशाखाली उतरेना, म्हणून केलं.

काकू निवृत्त शिक्षिका, विधवा, एकट्या. एकोणीसशे ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत जयपुरात मराठी घरं ती किती, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलावत नसे. कारण उघड होतं, आणि आम्हा शिकल्यासवरलेल्या बायकांना ते खटकतही नसे. काकूंनी मग मांजरं जमवली. दोन खोल्यांत ती इतकी झाली की पलंग मांजरांचा आणि काकू सतरंजीवर. दूध काही सगळ्यांना पुरत नव्हतं. पिल्लांचे डोळे चिकटलेले, मोठ्यांच्या बरगड्या वर आलेल्या. काकूंचीही गत तीच.

जानेवारीत त्यांच्या घरमालकाने मला फाटकापाशी गाठलं. "भाभीजी, आप ही समझाइए माताजी को. इतवार तक बिल्लियाँ नहीं हटीं, तो बोरों में भरवाकर शहर के बाहर फिंकवा दूँगा."

मी समजवायला गेले. काकू म्हणाल्या, "कुणाला देऊ? फुकट मिळालेल्या जिवाला लोक जपत नाहीत." मी वैतागून खुर्चीत बसायला गेले, तर खाली दोन बोके. माझं डोकंच फिरलं.

"मग वाण म्हणून लुटा!" मी ओरडले. "वाणाला कुणी नाही म्हणत नाही!"

काकूंनी मांडीवरचं मांजर खाली ठेवलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "पण हळदीकुंकू लावणार कोण?"

आपण बोलून फसलो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. "मी लावीन," म्हटलं.

शनिवारी बायका आल्या. आमंत्रण माझं होतं, पत्ता तेवढा शेजारचा. लष्करी अधिकाऱ्यांच्या बायका, कॉलेजात शिकवणाऱ्या, हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई, सगळ्या जरीच्या साड्यांत. वाण काय आहे ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. आदल्या वर्षी सगळ्यांनी प्लास्टिकच्या गाळण्याच लुटल्या होत्या.

मी हळदीकुंकू लावून तिळगूळ द्यायची, बाई पदर पुढे करायची आणि काकू त्या पदरात मांजर ठेवायच्या. "सांभाळा हं. हिला कोमट दूध लागतं."

"अगंबाई, मतलब हे खरंच घरी न्यायचं?" कर्नलसाहेबांच्या बायकोने विचारलं.

"वाण आहे, वहिनी," मी म्हटलं. "परत केलं तर बरं दिसेल का?"

कुणाची हिंमत झाली नाही. एक बोका डॉक्टरीणबाईंच्या बनारसीवरून चढत थेट अंबाड्यात जाऊन बसला आणि तसाच घरी गेला. माझा नवरा माणसांचा डॉक्टर. तो बिचारा फाटकाशी उभा राहून प्रत्येक वाणाच्या डोळ्यांत औषध घालत होता आणि शिंकत होता. "गाळण्या बऱ्या होत्या हो," असं कुणीतरी पुटपुटलंच.

उरलेलं पांढरं मांजर मी घेतलं, नाइलाजाने. घर रिकामं झालं. काकू भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, आणि मला फार वाईट वाटलं.

पण दुसऱ्याच दिवसापासून त्या एकेका घरी आपलं मांजर बघायला जाऊ लागल्या. जिने वाण दिलं, तिला दारातून परत कसं पाठवणार? आमच्याकडे त्यांचा मंगळवार ठरला. मी चहा करायची आणि त्या मांजराच्या तब्येतीपासून माझ्या भाजीतल्या मिठापर्यंत सगळ्यात खोट काढायच्या. मलाही त्याची सवय झाली.

थोड्याच दिवसांत ते पांढरं मांजर नाहीसं झालं. सगळी गल्ली पालथी घातली. मंगळवारी काकू आल्या, तेव्हा मी रडकुंडीला आले होते.

"काकू, तुमचं मांजर हरवलं हो."

"हरवलंय कुठे? शुक्रवारीच आलं माझ्याकडे."

"मग सांगायचं नाही का? आणि मांजर तुमच्याकडे, तर आज इथे काय बघायला आलात?" माझा आवाज चढलाच.

काकूंनी पदर सारखा केला. "सांगितलं असतं," त्या म्हणाल्या, "तर आज मला चहाला कोण बोलावणार होतं?"