पसंत झालेले पाणी

नोकरीतली बहुतेक प्रकरणे आता माझ्या मनात एकमेकांत मिसळून गेली आहेत. चैत्रातल्या त्या दुपारचे मात्र तसे झाले नाही; ती अजून वेगळी, कोरडी आणि पांढरी उभी आहे. गावाचे नाव मी सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. अमरावतीहून अकोल्याकडे जाणाऱ्या वाटेवरचे ते कापसाचे गाव होते, एवढे पुरे.

अमेरिकेत लढाई जुंपली होती. तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला कोणी स्वप्नात न पाहिलेला भाव आला. उन्हाळा लागला तरी गाड्यांची रीघ थांबत नव्हती. कापसाचे तंतू हवेत तरंगत, भाकरीवर बसत, पापण्यांना चिकटत. गाव दिवसेंदिवस फुगत होते. विहिरी मात्र होत्या तेवढ्याच होत्या, आणि चैत्रात त्यांतल्याही काहींचे तळ दिसू लागत.

गावाच्या कारभारासाठी सरकारने एक कमिटी नेमली होती. तिच्या सभांसाठी नवी इमारत उठली होती आणि इमारतीबाहेर अर्जदारांना बसायला गवताने शाकारलेला मांडव घातला होता. या साऱ्याची देखरेख करण्यासाठी कमिटीने आपल्यातलेच तीन सभासद निवडून एक व्यवस्था-कमिटी केली होती. सतरंज्या, पंखा, दिवे, सभासदांचा फराळ, आतले पिण्याचे पाणी आणि बाहेरचा मांडव हे तिचे क्षेत्र. तिघांत एक निवृत्त मामलेदार होते, त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. दुसरे वकील आणि तिसरे कापसाचे शेठजी. खर्च मंजूर करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. काही उणे आढळले तर मोठ्या कमिटीकडे शिफारस करायची, न आढळले तर सभेत उभे राहून ‘व्यवस्था पसंत आहे’ असे सांगायचे, एवढेच त्यांचे काम होते.

सभेच्या सकाळी हे तिघे पाहणीला येत. मी त्या ठाण्याचा ठाणेदार असल्यामुळे दाराशी बंदोबस्ताला उभा असे आणि सारे पाहत असे. शेठजी सतरंजीवर तळवा फिरवीत, रावसाहेब पंख्याची दोरी ओढून बघत. शेवटी तिघे मांडवात जात. तिथे माळी जातीची एक विधवा अर्जदारांना पाणी पाजायला नेमलेली होती. ती माठांवरची झाकणे काढी आणि बाजूला सरे. हे लोक माठांना शिवत नसत. वाकून पाण्याचा तळ दिसतो का ते पाहत, माना डोलवीत आणि परत फिरत. त्यांच्यामागे अदबीने चालणारा मनुष्य म्हणजे कमिटीचा नाझर. नोकरचाकर आणि सामानसुमान सारे त्याच्या हाताखाली असे.

त्या दिवशीही पाणी पसंत झाले. सभा सुरू झाली. दुपार कलल्यावर अकोटकडचा एक म्हातारा शेतकरी मांडवातून बाहेर आला, लिंबाच्या खोडाला हात लावून उभा राहिला आणि ओकला. मग दुसरा उठला, मग एक बाई. संध्याकाळपर्यंत मांडवातली सतरंजी माणसांनी भरून गेली. त्यांची बोटे फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतली होती, आवाज खोल गेले होते, आणि ते सगळे पाणीच मागत होते. दिवे लागेपर्यंत चौघे गेले. आत बसलेल्या एकाही सभासदाला काही झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाझर ठाण्यात आला.

“ठाणेदारसाहेब, खबर द्यायला आलो आहे,” तो म्हणाला. “सकाळी तिन्ही सभासदांनी पाणी पाहिलं. स्वच्छ होतं. दुपारी तेच पाणी पिऊन माणसं मेली. मधल्या वेळात त्या माठांपाशी एकच माणूस होतं.”

“पाणीवाली?”

“मी नाव घेत नाही. तिनं आठ दिवसांपूर्वी माझ्याशी मोठं भांडण केलं होतं, हे साऱ्या आवारानं ऐकलंय. घराची झडती घ्यावी, इतकंच सुचवतो.”

पंच घेऊन मी झडती घेतली. कोनाड्यात फडक्यात बांधलेले धोतऱ्याचे बी आणि वाळलेली पाने निघाली. वऱ्हाडच्या रस्त्यांवर वाटसरूंना धोतरा घालून लुटणारे लोक त्या काळी होते, त्यामुळे ते बी पाहताच बाहेर जमलेल्यांत एकच ओरड झाली. पंचनामा करून मी तिला कोठडीत आणले. वाटेत तिच्यावर दगड आले. एक माझ्या शिपायाला लागला.

जबानी घेताना ती भिंतीला टेकून बसली. दोराने घट्टे पडलेले तळवे तिने मांडीवर उपडे ठेवले होते.

“धोतरा घरात काहून?” माझ्या जमादाराने विचारले.

“मायले दमा हाय. पान जायून धूर घेते ते.”

दम्यावर धोतऱ्याची पाने जाळून धूर घेतात, आणि तिच्या आईचा दमा खरा होता. झडतीच्या वेळी आतल्या अंधारातून येणारी ती घरघर मी ऐकली होती.

“नाझराशी भांडण कशावरून झालं?” मी विचारले.

ती गप्प.

“पाणी कोणत्या विहिरीचं होतं?”

ती गप्पच.

जमादार चिडला. “बाई, फासावर चढाची एवढी घाई हाय का तुले?”

“घाई तुमाले दिसते, जमादार,” ती मान वर न करता म्हणाली. “मले तं कोनतीच घाई नाई.”

पुष्कळ आरोपी मी पाहिले. खोटे बोलणारा मनुष्य बहुधा फार बोलतो. जो एकाच प्रश्नाला गप्प होतो, तो कोणाला तरी सांभाळत असतो. पण सांभाळत होती कोणाला, ते कळेना.

जिल्ह्याहून सरकारी डॉक्टर आले. धोतऱ्याने बाहुल्या मोठ्या होतात, तोंडाला कोरड पडते, मनुष्य बरळतो. इथे तर सगळे शेवटपर्यंत शुद्धीवर होते, असे ते म्हणाले. त्यांना हैज्याची, म्हणजे पटकीची, शंका होती. “पण हैजा घाणेरड्या पाण्यानं होतो,” ते म्हणाले, “आणि तुमचे तीन प्रतिष्ठित गृहस्थ पाणी निर्मळ होतं म्हणून सांगताहेत. मी काय लिहून देऊ?” गाठ नेमकी इथेच बसली होती. व्यवस्था-कमिटीने पाणी पसंत केले होते, म्हणून पाणी चांगले होते. पाणी चांगले होते, म्हणून कोणीतरी त्यात काही घातले होते. आणि माठांपाशी फक्त ती होती. वरून खुनाचा खटला पाठवण्याची घाई चालली होती. पसंतीचे ते तीन शब्द त्या बाईच्या गळ्याभोवती आवळत चालले होते.

लिंबाखाली पहिल्याने ओकलेल्या म्हाताऱ्याची बायको अजून ठाण्याच्या ओट्यावर बसून होती. मुलगा अस्थी गोळा करायला नदीवर गेला होता. तिची जबानी राहिली होती, म्हणून मी जवळ बसलो.

“आजी, पाणी तुम्हीही प्यायलात ना?”

“पेले ना बाप्पा. सकायीच पेले. असं पानी जलमात नाई पेले. थंड, अन् खसाच्या वासाचं. मी बुढ्याले म्हनलं, पिऊन घे, आज आपल्याले सायबाचं पानी भेटून राह्यलं.”

“मग दुपारी?”

“दुपारी म्या नाई पेलं. वास येत होता त्याले, डबक्यावानी. बुढा पेला. तो म्हने, तुले आता सायबाच्या पान्याची चटक लागली.” ती हसली आणि हसता हसताच तिचे तोंड वाकडे झाले.

मी उठून उभा राहिलो. खस म्हणजे वाळा. वाळ्याच्या जुड्या फक्त आतल्या माठांत टाकलेल्या असत. बागेतल्या विहिरीवरून ब्राह्मण पाणक्या ते पाणी आणी. सभागृहाच्या दाराशी उभा असताना तो ओल्या मातीसारखा गारवा मी अनेकदा नाकाने घेतला होता. मांडवात वाळा कधीही नव्हता.

मी तडक आवारात गेलो. मांडवातले माठ वाळूच्या ओल्या गादीवर ठेवलेले असत. ती वाळू बोटांनी उकरली तेव्हा वाळ्याच्या मुळ्यांचे तपकिरी धागे निघाले. आत सभासदांचे माठ लाकडी तिवयांवर होते. एक उचलून पाहिला, तर बुडाला नदीची वाळू चिकटून सुकली होती.

संध्याकाळी मी कोठडीचे दार उघडून तिच्यासमोर ते मुळ्यांचे धागे ठेवले. तिने एक धागा उचलून नाकाशी नेला.

“तुमीच पायलं ना? मी नाई सांगतलं,” ती म्हणाली.

“तू नाही सांगितलंस.”

मग ती बोलली. मांडवाची विहीर होळीच्या आधीच आटली होती. तेव्हापासून नाझराच्या हुकुमाने ती नदीतल्या डबक्याचे पाणी भरत होती. वर गाडीवाल्यांचा तळ होता, बैल तिथेच बसत. गाडीने चांगले पाणी आणवा म्हणून ती नाझराशी भांडली, ते हे भांडण. पाहणीच्या सकाळी आतले माठ वाळ्याच्या जुड्या काढून मागच्या दाराने मांडवात येत आणि पाहणी झाली की तसेच परत आत जात.

“त्या माठातलं पानी मी लोकाईले पाजलं, अन् मंग तेच माठ आत गेले. हे भायेर आलं तं मोठे लोक बाटले म्हनतीन. माह्या भावाची बाजारात भाजीची जागा हाय. नाझर म्हने, तोंड उघडलं तं त्याले उठवून देईन.”

दुसऱ्या दिवशी मी नाझराला घेऊन व्यवस्था-कमिटीपुढे गेलो. माठ, वाळू आणि मुळ्या त्यांच्यासमोर मांडल्या. नाझराने नाकारले नाही. रडलाही नाही.

“आपल्याला त्रास होऊ नये म्हणून केलं,” तो रावसाहेबांना म्हणाला. “पहिल्या खेपेला विहीर नुकतीच आटली होती. वाटलं, एक वेळ निभावून नेऊ. आपण पाणी पसंत केलंत. मग पुढच्या सभेला मी गाडीच्या पाण्याची शिफारस मागायची कशी? पसंत झालेलं पाणी वाईट आहे, असं आपल्याच तोंडावर सांगायचं?”

वकिलांचा चेहरा उतरला होता. “थांबा,” ते हळू म्हणाले. “म्हणजे मांडवात वापरलेल्या त्या मातीच्या माठांतलं पाणी आम्ही इतके दिवस... आत बसून...?”

“होय,” मी म्हणालो.

ते ताडकन उठले. “मला आधी घरी जाऊन स्नान केलं पाहिजे.” उपरण्याने ओठ पुसत ते निघून गेले. शेठजी माठांकडे बघत पुटपुटत होते, “पण पाणी तर गोड होतं. खरंच गोड होतं.” रावसाहेब खाली पाहत बसले होते. त्यांनी विचारले, “ते चौघे कुठले होते?” त्या खोलीत मेलेल्यांची चौकशी करणारे ते पहिले आणि शेवटचे.

डॉक्टरांनी हैजा लिहून दिला. मृत्यू रोगाने आले असे ठरून खुनाचे कागद बंद झाले. नाझराला ताकीद मिळाली. कायद्यात त्याच्यासाठी याहून मोठे कलम मला सापडले नाही. पुढच्या सभेत व्यवस्था-कमिटीने दोन शिफारशी केल्या आणि दोन्ही मंजूर झाल्या. सभासदांनी यापुढे पिण्याचे पाणी घरून आणावे, ही एक. दुसरी, रोगराई टाळण्यासाठी मांडवातले पाणी बंद करावे आणि पाणीवालीला कमी करावे. सारे माठ आवारात फोडण्यात आले. भर उन्हात अर्जदार पुन्हा येऊन बसले, कोरडे.

बाईला सोडायला मी स्वतः गेलो. भाऊ बाहेर उभा होता. त्याची बाजारातली जागा राहिली होती, ते मी आधीच पाहून घेतले होते. मी म्हणालो, “तू सुटलीस. कोणी विष घातलं नव्हतं. तुझ्यावर काही नाही.”

तिने पदर सावरला, पण उठली नाही.

“मंग ते मेले कायनं, सायेब?”

“पाण्यानं.”

“पानी तं मीच पाजलं ना,” ती म्हणाली. “वास येत होता. मले मालूम होतं. तो बुढा दोनदा आला होता मांगाले.”

मी तिला पुष्कळ समजावले. हुकूम तुझा नव्हता, विहीर तू आटवली नाहीस, नोकरी सोडून तू जाणार कुठे होतीस, असे सारे बोललो. ती ऐकत होती, पण हातांकडे पाहत होती. भावाने हाताला धरून तिला उठवले. गल्लीतल्या बाया त्यांना पाहून दारे लावीत होत्या. दारांचे ते आवाज मला ठाण्यापर्यंत ऐकू येत होते.

पोलिसाचे शिक्षण त्याला एकच प्रश्न विचारायला शिकवते: हे कोणी केले? या प्रकरणाने मला शिकवले की काही मृत्यूंपाशी हा प्रश्न तोकडा पडतो. तिथे हात कोणाचाच नसतो. फक्त तपासणाऱ्यांच्या डोलणाऱ्या माना असतात, आणि दाखवणाऱ्याची अदब. पुढे मी जिथे जिथे ठाणे तपासले, तिथे कोठडीतल्या माणसाच्या मडक्यातले पाणी आधी ओंजळीत घेऊन प्यालो, मगच शेरा लिहिला. माझे सहकारी त्याला हसत.

पण त्या चौघांचे उत्तर त्याने मिळत नाही. ते कशाने मेले, हा प्रश्न त्या गावात सर्वांसमोर होता: नाझरासमोर, तिन्ही सभासदांसमोर, मोठ्या कमिटीसमोर, माझ्या ठाण्यासमोर. प्रत्येकाने तो दुसऱ्याला विचारला. आपल्यालाच विचारला आहे असे समजून त्याचे उत्तर दिले ते एकट्या त्या बाईने, आणि तेही सुटका झाल्यावर.