बावन्न शुक्रवार आणि एक रिकामी चौकट

गावच्या एसटी थांब्यावर त्या सकाळी माझी मुलगी तस्नीम माझ्याकडे पाहत नव्हती. पाच वर्षांची होती. माझ्या बॅगेची चेन उघडायची, लावायची, पुन्हा उघडायची, एवढेच तिचे चालले होते. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. गाडी दिसल्यावर ते म्हणाले, "यंत्रावर दिसेल तेच लिही. मनातलं लिहू नकोस." मी सौदीतल्या यान्बूच्या एका रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणून निघालो होतो. ही सूचना कामापुरती आहे, असे मी समजलो.

या गोष्टीला बारा वर्षे झाली. जैतापूरच्या खाडीकाठी राहिलेल्या आणि माझ्यासारखे इथे कामगारांच्या कॅम्पात येऊन पडलेल्या माझ्या माणसांनो, एक साधा हिशेब मांडतो. वर्षाला पंचेचाळीस दिवसांची सुट्टी. म्हणजे बारा वर्षांत मी मुलीजवळ अठरा महिने राहिलो. उरलेली साडेदहा वर्षे मी तिचा फोनवरचा बाप होतो. दाब किती, तापमान किती, हे मी रोज शेकडो काट्यांवर अचूक वाचत होतो. फोनवर मात्र संभाषण ठरलेले असे.

"जेवलीस?"

"हो."

"अभ्यास?"

"हो. अम्मीला देऊ?"

ती अकरावीत असताना एका शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजनंतर, मी केलेला फोन तिने कानातले इअरफोन काढून घेतला. मी विचारले, "काय ऐकत होतीस?"

"तुम्हाला नाही कळणार, अब्बा."

"शिकव मग."

ती शिकवू लागली. ब्रिटनमध्ये दर शुक्रवारी संध्याकाळी गाण्यांची क्रमवारी लागते. त्या आठवड्यात लोकांनी कोणते गाणे किती विकत घेतले, किती ऐकले, यावरून पहिला, दुसरा असा क्रम ठरतो. तिला गाण्यांइतकाच त्या क्रमाचा नाद होता. आमचे ठरले: दर शुक्रवारी दुपारी, निकाल लागण्यापूर्वी, आठवड्याच्या पहिल्या गाण्याचा अंदाज दोघांनी सांगायचा, तिने तो वहीत लिहायचा आणि शनिवारी सकाळी ताडून पाहायचा. असे वर्षभर. त्यातून तिचा कॉलेजचा गणिताचा प्रकल्पही होणार होता.

पहिला अंदाज मी जानेवारीत दिला. नाताळचे एक जुने गाणे अव्वल होते, आलेख चढता होता. मी तेच सांगितले. शनिवारी पाहतो तर ते गाणे पहिल्या चाळीसांतही नाही! मी फोन करून म्हणालो, "मीटर बिघडलाय त्यांचा. एवढा दाब एका आठवड्यात शून्यावर येत नाही."

ती मनापासून हसली. "अब्बा, मीटर बरोबर आहे. सण संपला. ईद झाल्यावर शीरखुर्मा कोण मागतं?"

ते हसू मी फार दिवसांनी ऐकले होते. त्यानंतर मी पद्धतशीर अभ्यासाला लागलो. गाणे नवे की जुने, चढते की उतरते, सगळ्याचे कोष्टक केले. माझ्या खोलीतले फिटर सावंत, देवगडचे, दर शनिवारी चहा करताना विचारत, "काय मास्तर, विलायतेचा निकाल लागला? आपला कोण पास?" मी एका गायिकेचे संथ गाणे ऐकताना त्यांनी एकदा माझ्या कपाळाला हात लावून पाहिला होता.

मार्चमध्ये आमच्या प्लांटचे शटडाउन आले. वर्षातून एकदा सगळे बंद करून दुरुस्ती होते. बारा बारा तासांची पाळी, सुट्टी नाही, आत फोन नाही. त्यात एक शुक्रवार निघून गेला. शनिवारी सकाळी मी निकाल पाहिला. एक अगदी नवे गाणे थेट पहिले आले होते. मी तस्नीमला सांगितले, "माझा अंदाज हाच होता. काल कागदावर लिहून ठेवला, कळवायचा राहिला."

"वा अब्बा! मलासुद्धा नाही जमलं!" तिने तो वहीत चढवला आणि मैत्रिणींनाही सांगितले.

मी खोटे बोललो होतो. एक चौकट रिकामी राहिली तर सगळे पुन्हा 'जेवलीस?' वर येईल, ही भीती होती. आमच्या कामात काट्यापाशी न जाता खुर्चीत बसून रीडिंग भरणाऱ्याला घरी पाठवतात. सोमवारी लॉगशीटवर सही करताना माझा हात थांबला. पाळी सुटताच मी तिला फोन केला.

"तस्नीम, ते उत्तर मी निकाल पाहून सांगितलं."

"का?"

"चौकट रिकामी राहिली असती."

"मग राहू द्यायची ना, अब्बा." तिने फोन ठेवला.

पुढच्या शुक्रवारी तिने फक्त गाण्याचे नाव सांगितले आणि फोन अम्मीकडे दिला. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तसेच. तिसऱ्या शुक्रवारी मात्र तिने विचारले, "हेच का निवडलंत?" मी कारणे देत राहिलो, बोलणे अर्धा तास चालले.

वर्ष पूर्ण झाले. कॉलेजात प्रकल्पांचे प्रदर्शन होते. माझ्या पत्नीने, रुखसानाने, फोन उंच धरला आणि मी यान्बूच्या कॅन्टीनमधून पाहिले. भिंतीवर मोठा तक्ता होता: बावन्न शुक्रवार, दोन रांगा. परीक्षक बाईंनी एका चौकटीवर बोट ठेवले. "ही रिकामी का? निकाल तर कुठेही मिळतात. भरून टाकायची."

"निकाल मिळतो, मॅडम. अंदाज नाही मिळत," तस्नीम म्हणाली. "त्या शुक्रवारी अब्बा शटडाउनला होते. आधी तिथे उत्तर होतं आणि ते बरोबरही होतं. अब्बांनीच सांगितलं, ते खरं नाही. त्यांनी सांगितलं नसतं, तर मला कधीच कळलं नसतं."

आपली चूक भरल्या वर्गात सांगितली जाताना माणसाची मान खाली जावी, असा नियम आहे. माझी गेली नाही. सावंत माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते. ते म्हणाले, "मास्तर, पास झालात."

तुमच्यापैकी ज्यांचे फोन 'जेवलास का' वर संपतात, त्यांना एवढेच सुचवतो: मुले काय ऐकतात ते विचारा, आणि कळले नाही तर शिकवायला सांगा.

घर कुठे, असे पूर्वी कोणी विचारले असते तर मी खाडीकाठच्या कौलांचा पत्ता दिला असता. आता मला घर म्हटले की ती चौकट दिसते. मी नव्हतो, तर तिथे 'नव्हता' असेच ठेवले आहे. माझी जागा दुसऱ्या कशानेही भरलेली नाही, माझ्या खोट्यानेसुद्धा नाही.