अमरावतीत चालतो, अकोल्यात नाही

माझ्या मामांनी अख्खी नोकरी अकोल्याच्या एका शाळेत मराठी शिकवण्यात काढली, आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यानं दगा दिला. डॉक्टर म्हणाले, अक्षर बोराएवढं असेल तर वाचा, आणि फोनच्या झगझगीत उजेडापासून लांब राहा. छापील पुस्तकात बोराएवढं अक्षर कोण छापतो? म्हणून रोज दुपारी दोन ते चार मामी त्यांना कादंबरी वाचून दाखवू लागली, आणि घरातल्या शांततेचं वाटोळं झालं.

मामी सातवी शिकलेली. वाचते झरझर, पण पुस्तकातली भाषा तिच्या डोळ्यांतून आत जाते ती तोंडातून बाहेर येईपर्यंत वऱ्हाडी होते. तेव्हा एका म्हाताऱ्या घड्याळजीची कादंबरी चालू होती. लेखक पुण्याकडचा, भाषा कडक इस्त्रीची. पुस्तकात असायचं, "म्हाताऱ्याने त्याला विचारले, तू केव्हा आलास?" मामी तुरीच्या शेंगा सोलता सोलता वाचायची, "बुढ्यानं त्याले इचारलं, कवा आला बे?"

मामा उसळायचे. "'बे' कुठं हाय पुस्तकात? दाखव मले!"

"दाखवू कशी? तुमाले दिसते काय?"

यावर मामांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. मी त्या रविवारी तिथंच होते. मला ते अजिबात सहन झालं नाही. चहाच्या वेळी मामी आत गेल्यावर ते हळूच म्हणाले, "बाई, मले ते पुस्तक एकदा माह्या डोळ्यानं वाचू दे. पुस्तकात जे हाय तेच. बाकी काई नाई मांगत."

मी अमरावतीला घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करते. नातेवाइकांच्या हिशेबी याचा अर्थ मी रिकामी असते. शिवाय मला न विचारता मदत करायची वाईट खोड आहे, आणि इथं तर विचारलं होतं.

मामांच्या कपाटात एक जुनं वाचनयंत्र, म्हणजे ई-रीडर, पडून होतं. मामेभावानं बारा-तेरा वर्षांपूर्वी परदेशातून आणलेलं, शाळेतल्या पाटीहून थोडं लहान. त्याचा पडदा कागदासारखा, डोळ्यांना न टोचणारा, आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येणारा. फक्त बनवणाऱ्यांनी त्याला केव्हाच वाऱ्यावर सोडलं होतं, आणि त्याच कादंबरीची ई-प्रत त्यात घातली तर नुसते चौकोन दिसले. मी म्हटलं, नवीनच मागवते. मामा म्हणाले, "हे चालू हाय ना? मंग कावून?" आमच्याकडे जुनी वस्तू पुरती बंद पडल्याशिवाय नवी येत नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही खुमखुमी होतीच. यंत्राच्या पोटात लिनक्स होतं, माझ्या रोजच्या कामातली संगणकप्रणाली. लिनक्स म्हणजे आपल्या माहेरचं माणूस, दोन दिवसांत वळवू, असा माझा समज होता.

त्या यंत्राची मेमरी इतकी तुटपुंजी की वाचनाचा आजचा प्रोग्रॅम त्याच्यावर तयारच करता येत नाही. तो माझ्या लॅपटॉपवर तयार करायचा, पण लॅपटॉपसाठी नाही, त्या जुन्या यंत्राला पचेल असा. मग तो नेऊन यंत्रात ठेवायचा. याला क्रॉस-कम्पायलिंग म्हणतात. मी हे समजावायला कागद-पेन घेतलं, पण मामीला एका दमात कळलं.

"म्हंजे त्याचा कुकर लहान हाय. तू तुह्या घरी रांधशीन अन् डबा इथं आणशीन."

"अगदी तसंच."

"मंग तेच नेऊन टाक ना अमरावतीले."

याला मामांचा सक्त विरोध होता. मी दहावीत असताना त्यांचा रेडिओ दुरुस्तीला नेला होता, तो माझ्याकडे अजून उघडाच आहे. "इनं नेलेली वस्तू वापस येत नाई," ते म्हणाले, आणि विषय संपला. तेव्हा ठरलं ते असं की आठवडाभर मी अमरावतीत प्रोग्रॅम रांधायचा, रविवारी सकाळी बडनेऱ्याला गाडी पकडायची, आणि अकोल्यात जेवणाच्या टेबलावर तो यंत्राला भरवून पाहायचा.

पहिल्या रविवारी, अमरावतीत लॅपटॉपवरच्या नकली यंत्रात नीट चाललेला प्रोग्रॅम मी खऱ्या यंत्रात टाकला, वायरीनं लॅपटॉप जोडला, आणि चालवला. उत्तर आलं, फाईल सापडत नाही. मी आतल्या फाईलींची यादी काढली. यादीत ती होती. पुन्हा चालवली. सापडत नाही. मामीनं पाहिलं आणि मान डोलावली. "हापिसात असंच असते. कागद टेबलावर असते अन् म्हणतात सापडून नाई राहिला."

बुधवारी कारण कळलं. प्रोग्रॅम सुरू व्हायला आधी एका मदतनिसाला हाक मारतो. मी त्याचा पत्ता नव्या यंत्राचा लिहिला होता, जुन्या यंत्रात तो दुसरीकडेच राहत होता. सापडत नव्हता तो मदतनीस, आणि यंत्र बोंब मारत होतं फाईलीच्या नावानं. म्हणजे मामीचं हापिसाबद्दलचं मत तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. मी तिला हे सांगितलं नाही.

दुसऱ्या रविवारी फाईल सापडली, प्रोग्रॅमनं डोळे उघडले आणि लगेच मान टाकली. लॅपटॉपवर इंग्रजीत दोन शब्द आले, आणि मी ते मराठीत मोठ्यानं वाचण्याची चूक केली, "बेकायदेशीर सूचना."

मामा ताठ बसले. "बेकायदेशीर? आपल्या घरात? कोणं देल्ली?"

मी म्हटलं, मीच. मी प्रोग्रॅम नव्या प्रोसेसरसाठी बांधला होता, त्यातले काही हुकूम या जुन्याला माहीतच नव्हते.

"म्हंजे त्याले समजलं नाई."

"हो."

"मंग समजलं नाई म्हणाव ना. बेकायदेशीर कावून म्हणते?"

मला पटलं. जगातल्या सगळ्या प्रोसेसरांना मामांच्या वर्गात एक वर्ष बसवायला हवं.

तिसऱ्या रविवारी प्रोग्रॅम सुरू झाला आणि पुस्तक उघडलं की आपोआप मिटू लागला. "बंद होऊन राहिलं वं," मामी म्हणाली. गाडीत बसल्या बसल्या मी जगभरच्या हौशी लोकांच्या एका मंचावर तेच इंग्रजीत लिहून टाकलं. आता आमच्याकडे 'होऊन राहिलं' म्हणजे आत्ता, डोळ्यांदेखत होत आहे. माझ्या घाईच्या इंग्रजीत त्याचं झालं असं, की यंत्र बंद होतं आणि बंदच राहतं. कुठल्याशा थंड देशातल्या एका सज्जनानं मला पुढचे पाच दिवस बॅटरी कशी बदलायची ते शिकवलं, चित्रांसकट. मी पेचकसाचा संचही मागवला. सहाव्या दिवशी त्यानं विचारलं, यंत्र मुळात चालू तरी होतं का? मी लिहिलं, हो, छान चालू होतं. इंजिनिअरिंग इंग्रजीतून झालं तरी डोकं आपल्याच बोलीत विचार करतं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्यालाही. मग त्यानं मोठ्या मनानं खरं दुखणं सांगितलं. पुस्तक उघडताना मी जेवढी मेमरी मागत होते, तिच्या निम्मीही त्या यंत्रात नव्हती. काय काय गाळायचं, त्याची यादीही त्यानंच दिली.

चौथ्या रविवारी चौकोन गेले आणि पडद्यावर मराठी आलं. मामा यंत्र घेऊन खिडकीशी गेले. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

"दविस," मामा म्हणाले.

"काय?"

"दिवस नाई, दविस. वचिार. हे काय पयलीतल्या पोरानं लिहिलं?"

अक्षरं आली होती, पण ती एकमेकांशी जुळवणारा भाग मी मेमरीच्या धसक्यानं गाळला होता. त्यामुळे ऱ्हस्व वेलांटी आपलं घर सोडून पुढच्या अक्षराच्या दारात उभी होती, आणि रफार कुठंही लोंबत होते. मामांनी पानभर चुका बोट ठेवून ठेवून मोजल्या आणि मला रीतसर नापास केलं. मी लॅपटॉप मिटत होते, तेवढ्यात ते म्हणाले, "चुकीचं हाय, बाई. पण मले दिसून राहिलं. माह्या मले." मला इतका आनंद झाला की रडू येईल म्हणून मी पाणी प्यायला आत गेले.

पाचव्या रविवारी वेलांट्या आपापल्या घरी होत्या. मामांनी पहिलं पान मोठ्यानं वाचलं, शिक्षकी आवाजात, स्वल्पविरामालासुद्धा थांबत. मध्येच मामीकडे वळून म्हणाले, "'त्याला'. 'ला' हाय इथं. ऐकलं?"

"ऐकलं," मामी म्हणाली आणि आत निघून गेली.

परतीच्या गाडीत बडनेऱ्यापर्यंत मी उभी होते, पण अंगात निवडणूक जिंकल्याची मस्ती होती. थंड देशातल्या सज्जनालाही कळवून टाकलं.

पुढच्या रविवारी काम काहीच नव्हतं. मी फक्त कौतुक करून घ्यायला गेले. मामा खिडकीशी बसले होते, यंत्र मांडीवर पालथं. मामी खाली बसून गहू निवडत होती.

"बंद पडलं काय?" मी विचारलं.

"नाई. एक चूक नाई त्याच्यात." मग मामीकडे न पाहता ते म्हणाले, "बुढा मरते."

"कोण?"

"तो घड्याळजी. अकराव्या प्रकरणात मरते. साफ लिहून हाय. पुढचं अर्धं पुस्तक पोरायचं भांडण हाय." ते जरा थांबले. "अन् इनं मले सोळाव्या प्रकरणापर्यंत वाचून दाखवलं. तवापर्यंत तो जिता होता. परतवाड्याले लेकीकडे राह्यला गेल्ता. तिथं तिच्या सासऱ्याचं घड्याळ दुरुस्त करून राहिला होता."

मी फळीवरची कादंबरी काढून चाळली. आमच्या अमरावतीकडचं परतवाडा गाव त्यात कुठंही नव्हतं. घड्याळजीला लेकच नव्हती. मला खदखदून हसू आलं, पण माझ्याबरोबर कोणीच हसलं नाही.

मामीनं मान वर केली नाही. "मले नाई मारवलं त्याले," ती म्हणाली. "तुमच्याच वयाचा होता."

मामा तिच्याकडे पाहत राहिले. त्यांना आता माणसाचा चेहरा नीट दिसत नाही, तरी पाहत राहिले. एवढे रविवार खपून मी त्यांना पुस्तकात जे होतं ते बिनचूक दाखवलं होतं, आणि त्या घटकेला मला माझ्या त्या शहाण्या प्रोग्रॅमचा मनापासून राग आला.

मामांनी यंत्र माझ्या हातात दिलं आणि चष्मा काढून ठेवला.

"बरं," ते म्हणाले. "मंग तिकडं परतवाड्यात कसं काय चालू हाय त्याचं?"

मामीनं पदराला हात पुसले, माझ्याकडून कादंबरी घेतली, आणि ती न उघडताच वाचायला लागली.