लालीचा तंग

धाराशिवच्या ज्या सरकारी कार्यालयात मी आज लिपिक आहे, तिथं परवा नव्या साहेबांनी विचारलं, "तुम्ही ज्याला त्याला काम शिकवता. बाकीचे हातचं का राखतात?"

"मीही राखायचो, साहेब. फौजेत."

पोस्टिंग बर्फातलं होतं. वरच्या पोस्टला रसद खेचरांवरून जायची. साडेपाचला दाणा, सातला लोडिंग, आठला कूच. सगळ्यांत पुढं लाली नावाचं खेचर. तंग, म्हणजे पोटाचा पट्टा, आवळताना खेचर पोट फुगवतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. लाली मात्र महाबिलंदर. श्वास सोडल्याचं नाटक करायची आणि खरं पोट वीस पावलांनी सोडायची. मग तंग ढिला, लोड खाली. आमचं बेंबळीचं धनगराचं घर. ही खोड मला आठवड्यात कळली आणि दोन हिवाळे मी ती कुणाला सांगितली नाही. लालीसाठी सगळे मलाच हाक मारायचे, त्याची मला चटक लागली होती.

आमचे हवालदार धनसिंग गढवालचे. त्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो. त्यांचा नियम होता: रजेच्या अर्जावर बदलीचं, म्हणजे आपल्या जागी काम करणाऱ्याचं, नाव हवं आणि त्या बदलीनं त्यांच्यासमोर एक फेरी करून दाखवायची. बायकोचं पहिलं बाळंतपण आलं होतं. मी अर्जावर आमच्याच तुकडीतल्या, माकणीच्या दत्ताचं नाव लिहिलं. पहिल्याच वळणावर त्याचा लोड घसरला.

उस्तादांनी अर्ज परत दिला. "केशव, खच्चर फौज का है, तेरा नहीं."

दत्ता रडकुंडीला आला होता. "आण्णा, माझ्याच हातनं का सुटतंय? तुमी कायतरी येगळं करताव."

"वीस पावलं चालीव. मग परत वड."

एवढंच होतं. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मला स्वतःची लाज वाटली. त्यात मनाचा मोठेपणा काही नव्हता, रजेची हाव होती. दुसऱ्या दिवशी दत्ताची फेरी नीट झाली आणि मी गावी आलो.

मुलगी झाली. बारशाच्या दिवशी सकाळी दहाला दत्ताचा फोन आला.

"आण्णा, काल वाटंत बर्फाचा कडा कोसळला. वर एक जवान लई आजारी हुता, त्याचं आक्सिजन लालीवर हुतं. पोचवलं म्या. वाचला त्यो."

"उस्ताद?"

"शेवटचं खेचर सोडवाया मागं ऱ्हायले. गेले, आण्णा."

पाळण्याची दोरी माझ्या हातात होती. मी ती ओढत राहिलो.

परतल्यावर उस्तादांचं सामान घरी पाठवायचं काम माझ्याकडं आलं. ट्रंकेत त्यांचा रजेचा अर्ज होता, मंजूर झालेला. रजा मी परतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून होती. त्यांनी मला आधी जाऊ दिलं होतं. बदलीच्या रकान्यात लिहिलं होतं, नाईक केशव.

पुढं चार वर्षं त्यांचं काम मी केलं. कुठंच अडलो नाही. सगळं त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं.