कापसाच्या खोलीतले तीन उजेड

बी.एस्सी. झालेल्या माणसाच्या घरात भूत राहू शकत नाही, असं त्या काळी माझं ठाम मत होतं. घरच्यांचं म्हणणं एवढंच होतं, की बी.एस्सी. झालेला माणूस खामगावला राहतो, घरात राहतं ते भूत.

आमचं घर पिंपळगाव राजाचं. शेती कोरडवाहू, पीक कापसाचं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, त्यामुळे पुढे शिकायचं तर नागपूर गाठावं लागे. आमच्या घराण्यात ते गाठणारा मी पहिलाच. पहिल्या वर्षी बाबा माझी ट्रंक डोक्यावर घेऊन खामगावच्या स्टेशनापर्यंत चालत आले होते. आत्यानं चार वर्षं, नागपूरला जाणारा माणूस दिसला रे दिसला की, त्याच्या हाती लोणच्याची बरणी दिली. (ओळखीचाच माणूस हवा, असा तिचा आग्रह नसे. काही बरण्या अजून वाटेत आहेत.) या माणसांच्या उपयोगी पडायची संधी मी मनापासून शोधत होतो. ती मिळाली, आणि त्यानंतर मी दुसरी शोधली नाही.

दिवाळीच्या सुमाराला वेचणी सुरू झाली की आमची मागची खोली कापसानं आढ्यापर्यंत भरते. गावात घरोघरी तेच. भाव पटेपर्यंत कापूस घरात, आणि कापूस घरात आहे तोवर त्या खोलीत जाळ न्यायचा नाही, हा बाबांचा कायदा होता. कंदील उंबऱ्याबाहेर, उदबत्ती देवापाशी, शेजारणीला चुलीतला निखारा द्यायचा तरी तो अंगणातून फिरवून न्यायचा. "आतमंदी वर्षाची भाकर हाय," बाबा म्हणत. "तिथं कोनी काडी ओढली, तर त्यानं ह्या घरात जेवू नये."

त्यामुळे त्या खोलीत उजेड दिसला, तर तो माणसाचा असणं शक्यच नव्हतं. हे घरात सगळ्यांना मान्य होतं.

आणि उजेड दिसला. मागच्या अंगणातल्या चंद्रभागाकाकूंना आमच्या खोलीच्या झरोक्यातून दिवेलागणीला एक लाल ठिपका दिसला. दुसऱ्या दिवशी भिंतीवर पिवळे ठिपके, खंडीभर. तिसऱ्या दिवशी ढिगामागे नुसता मंद उजेड. काकूंच्या मते ही तीन वेगवेगळी भुतं होती. एकच असतं तर ते रोज रंग कशाला बदलेल? विहिरीवर हे मत सर्वांना पटलं आणि तिथून ते थेट संग्रामपूरला पोचलं.

संग्रामपूरला माझ्या धाकट्या बहिणीची, शांतेची, सोयरीक ठरत आली होती. मुलगा पोस्टात कारकून. शांतेला अठरावं सरलं होतं आणि आधीची दोन स्थळं हातची गेली होती. हे तिसरं मामांनी मोठ्या मिनतवारीनं आणलेलं. आता तेच मामा निरोप घेऊन आले, "पाव्हणे म्हनतेत, घराले काही लागलं हाय काय? सोमवारी येऊन सोता पाह्यतो, मंग बोलू."

मी तेव्हा खामगावच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. बाबांनी मला कार्ड पाठवलं : सोमवारच्या आत भुताचं कारण काढ, तुला शिकवला तो कशाला? बाबांना लिहिता येत नसल्यामुळे कार्ड शांतेच्या हातचं होतं. (तिचं अक्षर एकाएकी फारच सुधारलेलं दिसलं. मी तिकडे लक्ष दिलं नाही. निरीक्षणाचं महत्त्व हा धडा मी त्याच आठवड्यात वर्गात घेतला होता.)

शुक्रवारी रजा टाकून मी घरी आलो. वहीत रकाने आखले : दिनांक, वेळ, रंग, हालचाल, अनुमान. दिवेलागणीला कडब्याच्या गंजीआड दबा धरून बसलो. डासांनी फोडून काढलं. थोड्या वेळानं झरोक्यात लाल ठिपका दिसला. मोठा झाला, बारीक झाला, पुन्हा मोठा झाला. श्वास घेतल्यासारखा. मी 'हालचाल' या रकान्यात 'श्वसन?' असं लिहिलं आणि दबकत आत गेलो.

"कोन हाय?" भूत म्हणालं.

"मी, बाबा."

"दार लाव."

बाबा ढिगाला पाठ टेकून बसले होते. एका हातात बिडी, दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या. (कायदा करणाऱ्याला धोका बरोबर माहीत असतो.) माळ घातली त्या दिवशी त्यांनी चारचौघांसमोर बिडी सोडली होती.

"बाबा, कापसात बिडी?"

"मंग कुठं पिऊ? गावात हीच एक जागा हाय जिथं कोनी येत नाई. माह्याच भेवानं." त्यांनी बिडी तांब्यात विझवली. "हे पाय, तुह्या मायले सांगजो नको. अन् पाव्हण्याईले तर बिलकुल नको. शब्द देऊन मोडनारा मानूस म्हनतीन. पोरीचं स्थळ हातचं जाईन."

मी शब्द दिला. रात्री जेवताना सर्वांत मोठ्या आवाजात बाबांनीच विचारलं, "काय मास्तर, लागला काय शोध?"

"अजून नाही," मी म्हणालो.

"चार वर्षं नागपूरले काय केलं बे मंग?"

शनिवारी भिंतीवर पिवळे ठिपके दिसले. शंभरेक असतील आणि सगळे थरथरत होते. खरं सांगायचं तर माझेही पाय थरथरत होते, पण त्याला वहीत रकाना नव्हता. आत पाहिलं तर ढिगासमोर पणती, पणतीवर पिठाची चाळणी पालथी, आणि चाळणीसमोर हात जोडून आत्या.

"आत्या, अगं आग लागेल."

"लक्ष्मीपुढच्या दिव्यानं आग लागत नसते. वरून चायनी ठेवली ना मी? तूच सांग, घरात लक्ष्मी आली अन् तिले अंधारात बसवाचं? तुहा बाप कोन मोठा लागून गेला?"

"पण काकूंना ते भूत वाटतं."

"वाटू दे. भुताचं बरं असते. त्याले कोनी काही म्हनत नाई. माहं नाव घेतलं तर तुहा बाप मले ह्या वयात घराबाहेर काढीन. अन् पाव्हणे म्हनतीन, घरात बहीन भावाचं आयकत नाई." मग तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. "लोनचं खाल्लं नं माहं, चार वर्षं?"

इथेही शब्द दिला. त्या रात्री ताटावर आत्या म्हणाली, "पोरगं नुसतं लिहून राह्यलं. सापडून काहीच नाई राह्यलं." बाबांनी मान हलवली. घरात खरोखर घाबरलेली एकटी माय होती. ती झोपताना उशाशी विळा ठेवू लागली होती.

रविवारी मी थकलो होतो. गंजीआड न बसता सरळ दार ढकललं. ढिगामागच्या कोपऱ्यात शांता बसली होती. पाट्यावर घासलेटची चिमणी, मांडीवर पुस्तक.

"तूसुद्धा?" मी म्हणालो.

"तुह्याच पायी," शांता म्हणाली.

प्रकरण असं होतं. मुलगा कारकून, म्हणून त्यांना मुलगी मराठी चौथी झालेली हवी होती. शांतेनं शाळा सोडली दुसरीत. मुलीची माहिती लिहून पाठवायचं काम माझ्याकडे आलं, आणि बहिणीच्या भल्याच्या भरात माझ्या लेखणीनं 'चौथी' लिहिलं. लिहून मी विसरलोही. शांता विसरली नाही, कारण उद्या पाहुणे समोर पुस्तक ठेवणार होते ते तिच्या.

"दोन महिने झाले, दादा. लपून वाचून राह्यली. दुसरीकडं कुठं वाचू? माय म्हनन काऊन वाचते, मंग सांगू काय तिले, तुह्या ल्योकानं खोटं लिहून धाडलं म्हून?"

मी तिलाही शब्द दिला. त्या रात्री वहीत तिन्ही उजेडांचं अनुमान पक्कं झालं होतं आणि त्यातलं एकही मला उच्चारता येत नव्हतं. बाबांचं सांगावं तर शब्द मोडणारा बाप, आत्याचं सांगावं तर घरात धाक नाही, शांतेचं सांगावं तर मुलगी अडाणी आणि भाऊ लबाड. या तिघांपुढे भूत खानदानी वाटू लागलं.

सोमवारी दुपारी मामा पाहुण्यांना घेऊन आले. मुलाचे वडील नारायणराव, सत्तरीचे, स्वतः कापसाचे शेतकरी. पोहे झाले, चहा आला. काठीवर हनुवटी टेकून ते मला म्हणाले, "हं, मास्तर. त्या उजेडाचं काय ते सांगा."

घरातले सगळे माझ्याकडे पाहू लागले. त्यांतले तिघे जरा जास्तच.

मी घसा साफ केला. म्हणालो, "त्याचं असं आहे, कापसात थोडी ओल राहिली की आतली सरकी तापते. त्यातून एक वायू निघतो. तो अंधारात चमकतो. भूत वगैरे काही नाही. हे सगळं शास्त्रीय आहे."

हे मी इतक्या गंभीरपणे सांगितलं, की क्षणभर मलाही पटलं. पण नारायणरावांनी कपबशी खाली ठेवली.

"कापसात ओल हाय म्हनता?"

"थोडी."

"ते आपसूक आली, का कोनी घातली?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आमच्या भागात ओल्या कापसाचा अर्थ एकच होतो : बाजारात न्यायच्या आधी वजन वाढावं म्हणून त्यावर पाणी मारलं. चोर परवडला, पण पाणी मारणारा नाही. पिंपळगावातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला हे ठाऊक होतं. मी मात्र चार वर्षं नागपूरला होतो.

बाबा उठले. मागच्या खोलीत गेले, ओंजळभर कापूस घेऊन आले आणि नारायणरावांच्या हातात दिला.

"दाबून पाहा, पाव्हणं. गालाले लावून पाहा. जिंदगीत कापसाले पानी नाई मारलं मी. तो उजेड माहा होता. मी बिडी पेतो तिथं. माळ घालून पेतो. पन पानी मारत नाई."

"पिवळा माहा होता," आत्या दाराआडून म्हणाली. "लक्ष्मीपुढं दिवा लावते मी. पानी मारलेल्या कापसापुढं लावला असता काय?"

मग आतून बारीक आवाज आला, "तिसरा माहा. मी वाचून राह्यली होती. माही दुसरीच झाली हाय. चौथी दादानं लिहिली."

माय मधल्या दारात होती, ती तिथेच खाली बसली. "म्हंजे महिनाभर ह्या घरात मी एकटीच भेत होती काय?"

मामा छपराकडे पाहत होते. मी जमिनीकडे पाहत होतो, पण तिथेही काही सुचत नव्हतं. नारायणरावांनी बराच वेळ तो कापूस बोटांत चोळला, उजेडात धरला, मग जपून कपबशीशेजारी ठेवला.

"कोरडा हाय," ते म्हणाले. मग आत आवाज दिला, "पोरी, आता कितवीचं पुस्तक चालू हाय?"

"तिसरी झाली. चौथीचे आठ धडे राह्यले."

"लग्न कधी धरता?" त्यांनी मामांना विचारलं.

"फाल्गुनात."

"मंग होते चौथी."

मामांचा श्वास मला ओसरीच्या या टोकाला ऐकू आला. आत्या आत साखर शोधायला पळाली. बाबांनी गळ्यातली माळ उगाचच सारखी केली. नारायणराव उठता उठता थांबले आणि काठी माझ्याकडे रोखून बाबांना म्हणाले,

"तिन्ही दिव्यांचं समजलं. घरातली सारी मानसं खरं बोलनारी हायेत. मंग ह्या एकाचंच असं कशानं झालं?"

बाबांनी मान खाली घातली.

"काय सांगू, पाव्हणं," ते म्हणाले. "आम्ही शिकवलं त्याले."